औषध काढून घेणारे डॉक्टर

मंगरूळपीरला तेव्हा दोन दवाखाने होते. सरकारी दवाखान्यात औषध मिळत असे. दर्ग्याच्या रस्त्यावर जो खासगी दवाखाना होता, तिथे रोग्याजवळ असलेलं औषध आधी काढून घेतलं जाई. नवीन औषध मिळालंच तर नंतर.

त्या दवाखान्याच्या डॉक्टरांचं नाव गावात फारसं कोणी वापरत नसे. लोक त्यांना ‘माहीत नाही डॉक्टर’ म्हणत. रोग ओळखता आला नाही की ते तसं सांगत, आणि तेही मोठ्या आवाजात, अंगणात बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. दुसरा कोणताही डॉक्टर अशा वेळी बाटलीत लाल पाणी भरून देई. हे म्हणत, “मले माहीत नाई. अकोल्याले जा. त्याहीलेबी माहीत नसलं तं परत ये, दोघं मिळून पाहू.”

ही दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या आधीची चार-पाच वर्षं. वाशीम, मंगरूळ, रिसोड हा सगळा मुलूख तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. मी मंगरूळच्या शाळेत मास्तर होतो आणि अकोल्याच्या एका साप्ताहिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. डॉक्टरांच्या घराला लागूनच माझी भाड्याची खोली होती. मधली भिंत कुडाची होती. त्यामुळे त्यांच्या दवाखान्यात जे बोललं जाई, ते मला न ऐकण्याची सोय नव्हती.

रोगी ते उन्हात पाहत. अंगणात मधोमध एक स्टूल होतं, त्याच्यावर ना छप्पर ना झाड. त्वचेचा रोग असेल तर दिवेलागणीनंतर ते रोग्याकडे वळूनही बघत नसत. “सावलीत रोग खोटं बोलते,” असं म्हणत. बाळंतपण आणि सर्पदंश या दोनच गोष्टींना त्यांच्याकडे वेळेचं बंधन नव्हतं.

स्टुलावर बसण्याआधी रोग्याने गाठोडं सोडायचं, हा नियम होता. गेल्या महिन्याभरात पोटात घेतलेलं, अंगाला लावलेलं, कोणी दिलेलं, बाजारातून आणलेलं सगळं बांधून आणायचं. नसेल आणलं तर तोंडाने सांगायचं. माणसं सहसा सांगत नसत. एकदा पायाला जखम झालेला एक म्हातारा आला होता.

“काय लावलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“काई नाई, डाक्टरसायेब.”

“काई नाई तं हे पिवळं काय हाय?”

“ते हळद हाय.”

“आन् हे काळं?”

“शेजारच्या बुढीनं देल्लं. मले नाव नाई माहीत.”

“तुले माहीत नाई, मले माहीत नाई. मंग पायालेच माहीत असन. त्याले इचारू काय?”

अंगणातली माणसं हसली. म्हातारा हसला नाही. त्याने कनवटीतून आणखी एक पुडी काढली आणि मुकाट्याने पुढे ठेवली. अशा पुड्या, मलमं, मुळ्या, राख आणि पारा घासलेली तुपं घासलेटच्या रिकाम्या डब्यात जमा होत. डबा भरला की डॉक्टर स्वतः घरामागे खड्डा खणून ते पुरत. अर्धेअधिक रोगी एवढ्यानेच बरे होतात, असा त्यांचा दावा होता. तो मी तपासून पाहिलेला नाही.

कारंज्याचे एक कापसाचे व्यापारी एकदा मोटारीतून आले. हाताला खाज होती. त्यांनी मुंबईहून मागवलेलं भारी मलम दाखवलं आणि हेच पुढे चालू ठेवू ना, असं विचारलं. डॉक्टरांनी डबी उघडली, वास घेतला आणि ती घासलेटच्या डब्यात टाकली. व्यापाऱ्यांनी मलमाची किंमत सांगितली. डॉक्टर म्हणाले, “म्हणूनच तुमी ते सोडून नाई राह्यले.” व्यापारी निघून गेले. खाज त्या महिन्यात थांबली असं नंतर कळलं, पण ते परत आले नाहीत.

डॉक्टरांचा एक गळाबंद कोट होता. तो ते वैशाखातही घालत, मनगटापर्यंत बटणं लावून. गावाला तो त्यांचा तोरा वाटे. मला कारण माहीत होतं, कारण त्यांचे कपडे माझ्या दारासमोरच्या दोरीवर वाळत आणि झटकताना त्यांतून पांढरे पापुद्रे उडत. मी कधी विचारलं नाही. त्यांनीच एकदा भाकरी मोडता मोडता सांगितलं की त्यांना सोरायसिस आहे, कोपरांवर, गुडघ्यांवर, कमरेला. शिकत असतानाच सुरू झाला. तो कोणाला लागत नाही आणि मरेपर्यंत जातही नाही.

“मग लोकांना सांगत का नाही?”

“सांगून पाहा बरं तुमी. उद्यापासून मह्या हातची गोळी कोण घेईन?”

त्यांचं चुकत नव्हतं. त्या काळी अंगावर पांढरं किंवा लाल काहीही दिसलं की लोकांच्या मनात एकच शब्द येई, महारोग. त्या शब्दावर सोयरिकी मोडत. माणसं गोठ्यात राहायला जात.

अशाच एका वर्षी फाल्गुनात तालुक्यात देवीचे रोगी निघाले. मंगरूळपासून तीन-चार कोसांवरच्या एका गावाबाहेर सरकारने झोपडी बांधली होती आणि तिच्यात दोन रोगी ठेवले होते. टोचणी करणारा सरकारी माणूस गावोगाव फिरत होता. लोक त्याला देवीडॉक्टर म्हणत. एका सकाळी तो पाणी प्यायला डॉक्टरांच्या अंगणात थांबला. साथ किती पसरली ते मला साप्ताहिकाला कळवायचं होतं, म्हणून मीही तिथे गेलो.

त्याने सांगितलं, “आणखी एक सापडली. किसनची बायको, गिरजा. आठवा महिना आहे. आज दुपारी तिला झोपडीत हलवतो. घरचे तयार नाहीत, पण हुकूम आहे. तिला तर देवी एकदा येऊन गेल्या होत्या. सुकल्या, साल निघाली, आणि आता पुन्हा आल्या.”

डॉक्टर सायकलची साखळी बसवत होते. ते थांबले.

“काय म्हणता? पुन्हा?”

“हो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा.”

“देवी पुन्हा येते काय?”

देवीडॉक्टरने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. त्याने हा विचार केलेला नव्हता. डॉक्टरांनी हात पुसले, पेटी घेतली आणि मला म्हणाले, “मास्तर, बातमी लिहू नका अजून. आधी पाहून घेऊ.” आम्ही तिघेही सायकलींवर निघालो.

किसनचं घर शेतकऱ्याचं, बेताचं. घरात तो, त्याची विधवा आई आणि गिरजा. गिरजाची ओटी भरायची म्हणून तिची आई माहेराहून, केनवडहून, आधीच आलेली होती. दाराला निंबाच्या डहाळ्या लावल्या होत्या. देवी आलेल्या घरात फोडणी देत नाहीत, तेल वापरत नाहीत, डोकं विंचरत नाहीत, आणि सुई-औषध आत नेत नाहीत. रोग्याला आजारी म्हणत नाहीत. आई घरी आली आहे, असं म्हणतात.

सासूने उंबऱ्यातच अडवलं. “चपला तठीच काढा. आन् डाक्टर, तुमी आत नाई. आईच्या घरात दवा चालत नाई.”

“दवा नाई देत. पाह्यले आलो.”

“पाह्यले तं सारं गाव येऊन राह्यलं.”

ते खरं होतं. आतल्या अंधाऱ्या खोलीत बाजेवर गिरजा होती आणि बाजेभोवती चार-पाच बाया नारळ घेऊन बसल्या होत्या. गिरजाचे दोन्ही हात मनगटात वाकले होते. बोटं एकमेकांना चिकटून ताठ झाली होती, अंगठा तळव्यात आत वळला होता. ती दातांवर दात दाबून कण्हत होती. एक बाई हात जोडून तिला विचारत होती, “आई, मह्या लेकाचा ताप कधी उतरन?” बायांच्या समजुतीने देवी तिच्या अंगात आली होती. त्यामुळे तिचे हात कोणी सोडवून पाहिले नव्हते. तिला कोणी पाणीही विचारलं नव्हतं. सगळ्या तिलाच विचारत होत्या.

डॉक्टरांनी दारातूनच ते हात पाहिले. मग किसनकडे वळून म्हणाले, “बाज अंगणात काढ.”

“उन्हात?” सासू म्हणाली. “आईले उन्हात काढता?”

“आई असन तं तिले उन्हाचं काय भेव? आन् नसन, तं तुमची सून मरून राह्यली.”

किसनने खांद्यावरचा पंचा बाजूला टाकला. तो आत गेला आणि बाजेचं एक टोक धरून उभा राहिला. दुसरं टोक मी धरलं.

अंगणात उन्हात आणल्यावर जे दिसलं, ते लिहून ठेवण्यासारखं आहे. मान, छाती, काखा, पोट आणि मांड्या लालभडक झाल्या होत्या. त्या लालीवर खसखशीच्या दाण्याएवढे पिवळे ठिपके हजारोंनी होते. काही ठिकाणी ते एकत्र होऊन पुवाची थारोळी झाली होती. काही ठिकाणी कातडी पातळ कागदासारखी सुटून आली होती आणि खाली ओलं लाल अंग दिसत होतं. चेहरा मात्र जवळजवळ स्वच्छ होता. तळहातांवर एकही फोड नव्हता. ऊन असूनही ती थंडीने कापत होती.

डॉक्टर देवीडॉक्टरला म्हणाले, “तुमी इतक्या देवी पाह्यल्या. त्या पह्यले कुठी येते?”

“तोंडावर. हातापायांवर.”

“इचं तोंड पाहा. देवीचा फोड दाबला तं ज्वारीच्या दाण्यावानी टणक लागते. हा दाबा.”

देवीडॉक्टर पुढे झाला नाही. डॉक्टरांनी स्वतः बोटाने दाबून दाखवलं. ठिपका पुसल्यासारखा फुटला.

“मग हे काय आहे?”

“माहीत नाई.”

“मी वर काय कळवू? माहीत नाही, असं?”

“देवी नाई, असं कळवा. हे काय हाय ते मले माहीत नाई. काय नाई, ते माहीत हाय. झोपडीत नेली तं तठी इले खरोखरच्या देवी निघतीन. आन् या अंगावर निघाल्या तं ही वाचणार नाई.”

“तोंडी म्हणणं चालत नाही, डॉक्टर. काहीतरी दाखवा.”

त्यावर डॉक्टरांनी गिरजाची वाकलेली बोटं हळूच उचलून नखं उन्हात धरली. नखांवर शिवणकामाच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे होते. ते नुकतेच पडलेले नव्हते. तसेच खड्डे डॉक्टरांच्या नखांवरही होते, भाकरी मोडताना मी ते पाहिले होते. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांची नजर गिरजाच्या आईच्या हातावर थांबली. मीही तिकडे पाहिलं. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काळी होती.

आमच्याकडे तो डाग सगळ्यांना ओळखता येतो. धोबी कपड्यांवर खुणा करतात तो बिब्बा. त्याचं तेल टाचेच्या भेगांना लावतात. नाजूक कातडीला लागलं तर ती भाजून निघते.

डॉक्टर त्या बोटांबद्दल काही बोलले नाहीत. त्यांनी सगळ्यांनाच विचारलं, “इच्या अंगाले काय काय लावलं?”

“निंबाचा पाला,” सासू म्हणाली. “दुसरं काई नाई.”

“काई नाई,” गिरजाची आई म्हणाली. तिने हात पदराखाली घेतला.

“ह्याच्या पह्यले इच्या अंगावर चट्टे होते काय? कोपराले, डोक्यात?”

“मह्या लेकीचं अंग काचेवानी होतं, डाक्टर. केनवडात कोणालेबी इचारा.”

ती हे सांगत होती तेव्हा गिरजाची सासू तिच्या अगदी समोर उभी होती. अंगणात पंधरा-वीस बाया होत्या. कुंपणाबाहेर माणसं जमली होती. तिने ‘हो’ म्हटलं असतं तर लेकीचं लग्न काहीतरी लपवून केलं, हे तिथेच सिद्ध झालं असतं, आणि संध्याकाळपर्यंत त्याला महारोग हे नाव पडलं असतं. केनवडला गिरजाची धाकटी बहीण लग्नाची होती. ‘नाही’ म्हटल्याने काय होत होतं, ते डॉक्टर आणि मी, दोघांनाच कळत होतं. बिब्बा अजून लागत होता.

गिरजाचा श्वास ओढल्यासारखा येऊ लागला. आता तिचे पायही ताठ झाले. डॉक्टरांनी पेटीतून पिचकारी आणि काचेच्या नळ्या काढल्या. सासू लगेच मध्ये आली. “सुई नाई. मह्या घरात आईचा कोप होऊ देणार नाई.” कुंपणापलीकडून कोणीतरी तिला दुजोरा दिला. किसन आईकडे बघत होता.

डॉक्टरांनी पिचकारी फडक्यावर ठेवली. उभे राहिले आणि कोटाची बटणं काढू लागले. मला वाटलं, ते उकाड्याने कोट काढत आहेत. त्यांनी कोट काढून बाजेच्या पायावर टाकला, सदऱ्याच्या बाह्या दंडापर्यंत वर सारल्या आणि दोन्ही कोपरं सगळ्यांसमोर धरली. त्यांवर तळहाताएवढे लाल चट्टे होते आणि चट्ट्यांवर चांदीच्या वर्खासारखे पापुद्रे.

“हे मह्यं,” ते म्हणाले. “पंधरा-वीस वर्षं झाले. हा महारोग नाई. बोटं झडत नाई. कोणाले लागत नाई. माही माय याच हातावर भाकर वाढे, तिले काई झालं नाई. इले तेच हाय. फक्त या बारीले ते पेटलं.”

पुढे बसलेल्या बाया मागे सरकल्या. देवीडॉक्टरही मागे सरकला. जिने डॉक्टरांकडून आदल्या आठवड्यात लेकरासाठी औषध नेलं होतं, ती बाई उठून कुंपणाबाहेर गेली. डॉक्टरांनी ते पाहिलं. बाह्या खाली केल्या नाहीत.

“आता मले एवढंच सांगा. या पोरीच्या अंगाले कोण काय लावून राह्यलं? ज्यानं लावलं त्यानं भल्यासाठीच लावलं. मी कोणाले नाव ठेवत नाई. पण ते आज थांबलं पाह्यजे. नाई थांबलं तं माही सुई काई कामाची नाई.”

मग गिरजाच्या आईने पदराखालून हात बाहेर काढला.

“बिब्बा लावला. गोडंबीच्या तेलात मिसळून,” ती म्हणाली. ती सासूकडे न बघता बोलत होती. “बारा वर्षांची होती तवापासून कोपराले चट्टे हाय. लगनात चोळीची बाही लांब शिवली. आता ओटी भराची होती, बाया दिसभर घरात राहतीन, म्हणून म्या लावला. ते आग झालं. मले वाटलं, आतली उष्णता भायेर निंगून राह्यली. म्हणून लावतच राह्यली. सकाळी पाला बदलाच्या टायमाले.”

“आजबी?”

“आजबी.”

सासू खाली बसली. नंतर ती शांतपणे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “म्हंजे पोरगी देताना तुमी लपवलं.”

“हो.”

“ही बरी झाली की घेऊन जा तुमची पोरगी.”

डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं. “घेऊन जातीन. आता गाडीत हलवली तं केनवड काई येणार नाई, रस्त्यातच जाईन. आधी सुई देऊ द्या.”

सासू बसल्या जागेवरून उठली. ती बाजूला सरकली. डॉक्टरांनी फोडली ती नळी कॅल्शियमची होती. डॉक्टर शिरेत सुई घालून इतकं हळू औषध सोडत होते की पिचकारी हलते आहे की नाही, ते कळत नव्हतं. घाई केली तर काळीज थांबतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. गिरजाने एकदा ‘गरम’ म्हटलं. मग तिचा अंगठा तळव्यातून बाहेर आला. एकेक बोट सुटत गेलं. तिने हात पोटावर ठेवला आणि पाणी मागितलं.

“आई गेली,” मागून एक बाई म्हणाली.

“रागावून गेली,” दुसरी म्हणाली.

“रागावली असन तं मह्यावर,” डॉक्टर म्हणाले. “मंगरूळले दवाखाना कुठी हाय, ते तिले माहीत हाय.”

गिरजाला झोपडीत न्यायला दुपारी आलेली गाडी देवीडॉक्टरने परत पाठवली. मी त्या आठवड्यात साप्ताहिकाला एका ओळीची बातमी दिली, की त्या गावात देवीची लागण नाही. ती छापून आली.

कित्येक वर्षांनी, वर्तमानपत्रात नोकरी करत असताना, मी त्वचारोगाच्या एका जाणकार डॉक्टरांना ही हकीकत सांगितली. त्यांनी ती पुरी होण्याआधीच मान हलवली. सोरायसिसचा हा फार क्वचित दिसणारा आणि जिवावर बेतणारा प्रकार आहे, असं ते म्हणाले. गरोदरपणी तो भडकू शकतो. अंगभर पू भरतो, पण त्या पुवात जंतू नसतात. रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी होतो आणि हातपाय वळतात. लाटांमागून लाटा येतात. बाळंतपण झालं की बहुधा उतरतो, पुढच्या खेपेला पुन्हा येऊ शकतो. त्याला नाव आहे. मंगरूळच्या डॉक्टरांना ते नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

उपचार त्यांनी हाताशी होतं त्यातून ठरवला. कॅल्शियम. उकळून गार केलेलं तिळाचं तेल दिवसातून तीनदा सगळ्या अंगाला. वर मऊ धुतलेलं लुगडं. दूध, वरणाचं पाणी, अंगणात कोवळं ऊन आणि बाकी वेळ ऊब. पण तेल लावणार कोण, हा प्रश्न होता. गिरजाच्या आईला त्यांनी हात लावू दिला नाही, काळी बोटं अजून तशीच होती. सासू म्हणाली, “मी? मी नाई हात लावणार.”

“मंग मी लावतो.”

आणि ते रोज येऊ लागले. शाळा सुटल्यावर मीही दोन-तीनदा गेलो. डॉक्टर अंगणात बसून, वाटीतलं तेल तळहातावर घेऊन, गिरजाच्या पाठीला लावत. गावाच्या दृष्टीने हा दुसरा तमाशा होता. तिसऱ्या दिवशी सासूने वाटी त्यांच्या हातातून ओढून घेतली.

“द्या इकडे. परक्या माणसानं सुनेच्या पाठीले हात लावाचा, आन् म्या पाहत बसाचं काय?”

पहिल्यांदा तिने हाताला फडकं गुंडाळून तेल लावलं. फडक्याला कातडीचे तुकडे चिकटून येत आणि गिरजा ओरडे. दुसऱ्या दिवशी फडकं नव्हतं. त्या दिवसापासून डॉक्टर पाठ सोडून फक्त नाडी बघू लागले.

मूल काही दिवसांनी आपोआप झालं. ते जिवंत नव्हतं. त्यानंतर आणखी एकच लाट आली, पहिल्यांपेक्षा लहान. पुवाचे ठिपके सुकले, अंगाची साल पापडासारखी निघाली आणि खालून गुलाबी कातडी आली. कोपरांवरचे जुने चट्टे तेवढे राहिले. डॉक्टरांनी किसनला बाजूला घेऊन पुढच्या खेपेचा धोका सांगितला. तो म्हणाला, “मायले तुमी सांगा.” त्यांनी तिलाही सांगितलं.

मंगरूळात मात्र अंगण रिकामं झालं. ज्यांनी वर्षानुवर्षं गाठोडी सोडली होती, ती माणसं आता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने सरकारी दवाखान्यात जात. चहावाल्याने डॉक्टरांचा कप वेगळा ठेवला. डॉक्टर ते पाहून म्हणाले, “बरं झालं. आता मले धुतलेला भेटन.” भिंतीपलीकडून दिवसभर कोणाचा आवाज येत नसे. नंतर हळूहळू निराळेच रोगी येऊ लागले. भर दुपारी, रस्ता निर्मनुष्य असताना. डोक्यावरून पदर ओढलेली बाई, लांब बाह्यांचा माणूस. रिसोडहून, कारंज्याहून, कधी पार पुसदकडून. ते स्टुलावर बसण्याऐवजी आत घ्या, दार लावा म्हणत. डॉक्टर म्हणत, “दार लावलं तं ऊन येत नाई.” यांच्यावर दवाखाना चालण्यासारखा नव्हता. युद्धाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी मंगरूळ सोडलं. कुठे गेले, ते मला कळलेलं नाही.

गिरजाला न्यायला केनवडहून बैलगाडी आली ती त्या फाल्गुनानंतरच्या चैत्राच्या शेवटी. ती अंगणभर चालू लागली होती. म्हणजे सासूने ठरवलेली वेळ झाली होती. डॉक्टरांना किसनने आदल्या दिवशी निरोप दिला होता. निघताना ते मला म्हणाले, “चला मास्तर. बुढीसंग बोलाचं हाय. काय बोलाचं ते माहीत नाई.”

आम्ही पोचलो तेव्हा गिरजाचा बाप गाडीजवळ उभा होता. गाडीत गवत पसरून त्यावर गोधडी टाकली होती. गिरजाच्या आईने तिचं बोचकं आणून गाडीत ठेवलं. गिरजा अंगणात सासूकडे पाठ करून बसली होती, चोळी उतरवलेली, पाठीवर पदर अर्धवट. सासूच्या पुढ्यात वाटी होती. बैल जुंपलेले होते आणि ऊन चढत होतं.

बाप शेवटी म्हणाला, “उशीर होऊन राह्यला, बाई. निंगू द्या.”

सासूने मान वर केली नाही. तिने तळहातावर तेल घेतलं आणि सुनेच्या कोपरावरच्या चट्ट्यावर अंगठ्याने गोल गोल जिरवू लागली.

“बैल सोडा, भाऊ,” ती म्हणाली. “ह्या कोपराचं झालं, त्या कोपराचं राह्यलं हाय. मंग संध्याकाळचं हाय. मंग उद्याचं हाय. तुमी किती येळ उभे राहान?”

बाप दोर हातात धरून तसाच उभा होता. किसन पुढे झाला आणि त्याने जू खाली घेतलं. गिरजाच्या आईने बोचकं गाडीतून काढलं आणि ते घेऊन ती कुठे ठेवावं ते न कळल्यासारखी थांबली.

डॉक्टरांनी एक पाय अजून सायकलवरून उतरवलाही नव्हता. त्यांनी सायकल फिरवली आणि मला इशारा केला. आम्ही अंगणात गेलोच नाही.